कादंबरीच्या पाठीवरचे दोन शब्द

माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिच्या मलपृष्ठावर, वरच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत 'विज्ञान कादंबरी' असं छापलेलं होतं. पुस्तकातले बाकीचे सगळे शब्द माझे होते. हे दोन प्रकाशकांचे होते. पुढची काही वर्षं लोक माझ्याशी बोलले ते बहुतेक या दोन शब्दांबद्दलच.

मी सोलापुरात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त झाले आहे. घरात आम्ही मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो, कधी कुठली सुरू होईल ते माणसावर आणि विषयावर ठरतं. लिहिण्याची सवय मला फार उशिरा लागली, आणि लागली तीही एका मोटारीमुळे.

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर उजनी धरणाच्या जलाशयाकाठी आहे. ऊस आणि केळी. धरणाच्या पाण्यात मोटार सोडलेली, तिथून शेतापर्यंत लांबच लांब पाइप. त्या भागात तेव्हा मोबाइलवरून मोटार चालू करायचा स्टार्टर नवा नवा आला होता. त्याला फोन लावला की मोटार सुरू होते आणि मग स्टार्टरच उलट फोन करून एका बाईच्या आवाजात सांगतो, 'मोटर चालू झाली आहे.' लाइट गेली तर तेही सांगतो. बहिणीच्या सासूबाईंचे मालक जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. मोटारीचं काम आधी मालक बघायचे, आता सासूबाईंकडे आलं होतं. मी सुट्टीत तिथं गेले होते. आम्ही शेंगा फोडत बसलो असताना त्यांचा फोन वाजला, आवाज म्हणाला, 'मोटर चालू झाली आहे,' आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं बाई."

बहीण हसली. मीही हसले. सासूबाई म्हणाल्या, "आता ती इतकं सांगती, आपुन बरं सुदा म्हनू नये व्हय?"

सोलापूरला परतताना एसटीत माझ्या मनात आलं, हाच आवाज त्यांच्या मालकांचा असता तर त्या 'बरं' म्हणून थांबल्या असत्या का?

कादंबरी एवढ्यावरच उभी आहे. एक म्हातारी, तिचे दोन मुलगे. बाप भजनं म्हणायचा, त्याच्या कॅसेटी घरात पडून असतात. मुलगे पुण्याला जाऊन एका कंपनीकडून त्या कॅसेटींवरून बापाचा आवाज तयार करून आणतात आणि मोटारीच्या स्टार्टरमध्ये भरतात. आईला सोबत व्हावी एवढाच हेतू. मग तो आवाज मोटारीपुरता राहत नाही. केळी लावायची की ऊस, कुणाला किती पाणी द्यायचं, सगळं त्याला विचारलं जातं, गावातले लोकही येऊन विचारतात. आणि म्हातारी एके दिवशी नवऱ्याला हयातीत कधी न बोललेलं बोलते. शेवटी ती स्टार्टर काढून टाकते आणि मोटार चालू करायला स्वतः पाण्यापर्यंत चालत जायला लागते. आवाज कसा तयार करतात यावर पुस्तकात जेमतेम एक पान आहे. मला त्याहून जास्त माहीत नव्हतं.

पुण्यातले एक प्रकाशक छापायला तयार झाले. वयस्कर गृहस्थ होते, बोलायला सरळ. त्यांच्या कार्यालयात बसलो असताना त्यांनी हस्तलिखितावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही शिकवता काय?"

"भौतिकशास्त्र."

"मग प्रश्न मिटला. विज्ञान कादंबरी."

मी म्हणाले, "पण ही एका विधवेची गोष्ट आहे."

"असेल. मोटार बोलते ना यात?"

"मोटार आजही बोलते. माझ्या बहिणीकडं रोज बोलते."

"मेलेल्या माणसाच्या आवाजात नाही बोलत."

मोटार एका अनोळखी बाईच्या आवाजात बोलली तर ती शेती, नवऱ्याच्या आवाजात बोलली तर विज्ञान, अशी ती हद्द होती. ती त्यांनी आखलेली नव्हती, त्यांना ती तशीच मिळाली होती. त्यांनी मला समजावून सांगितलं. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो गोष्ट काय आहे असा नसतो, कुठल्या फळीवर ठेवू असा असतो. नुसतं कादंबरी म्हटलं तर त्या फळीवर आधीच इतकी गर्दी आहे की नव्या माणसाचं पुस्तक वर्षभर कुणाला दिसतही नाही. विज्ञानाची फळी छोटी आहे, तिथं निदान पुस्तकाची पाठ दिसेल. "आणि तुमच्या नावापुढं प्राध्यापक, भौतिकशास्त्र लिहिता येईल," ते म्हणाले. "तुम्ही इतिहासाच्या असता तर मी दुसरा विचार केला असता."

मला ते पटलं नाही, पण चुकीचंही वाटलं नाही. मी हो म्हणाले.

मुखपृष्ठावर निळ्या रंगाचा माणसाचा चेहरा होता आणि त्याच्या डोक्यातून तारा निघाल्या होत्या. पुस्तकात असं काहीही नाही. मी पहिली प्रत बहिणीच्या घरी घेऊन गेले. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ तो चेहरा पाहिला आणि विचारलं, "ह्ये भूत हाय व्हय?" मी म्हणाले, नाही, तो यंत्रातला माणूस आहे. "मंजे भूतच की," त्या म्हणाल्या आणि पुस्तक देवाच्या फळीपासून लांब, टीव्हीजवळ ठेवलं.

महाविद्यालयातले मराठीचे एक सहकारी भेटले की विचारायचे, "काय, तुमच्या त्या रोबोटचं कसं चाललंय?" पुस्तकात रोबोट नाही, असं मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. मग 'बरं चाललंय' म्हणायला लागले.

आमच्या भागात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. मी लहानपणापासून तिथली सभासद. पुस्तक तिथं घेतलं गेल्याचं कळल्यावर मी ते बघायला गेले. कादंबऱ्यांच्या कपाटात सापडलं नाही. ग्रंथपाल बाई माझ्या ओळखीच्या, त्यांना विचारलं. त्यांनी मला आतल्या खोलीत, बालविभागात नेलं. विजेचे सोपे प्रयोग, आपली सूर्यमाला, आणि त्यांच्यामध्ये माझी म्हातारी. त्या पुस्तकात एक बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याला सांगते की तुमच्याबरोबरची पहिली दहा वर्षं मला तुमची भीती वाटायची. ते चौथीच्या मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर होतं.

"हे इथं कसं?" मी विचारलं.

"विज्ञान लिहिलंय ना मॅडम. विज्ञान इथंच असतं आमच्याकडं. पहिल्यापासून."

"पण हे मोठ्यांचं आहे."

"मोठी माणसं विज्ञान कुठं वाचतात?" त्या म्हणाल्या. त्यांनी ते कुचेष्टेनं म्हटलं नव्हतं, जे रोज दिसायचं तेच सांगितलं. मग माझ्यासमोरच त्यांनी प्रत काढून बाहेरच्या कपाटात ठेवली. महिन्याभरानं मी पाहिलं तर ती परत आत गेली होती. एका सभासदानं तक्रार केली होती की कौटुंबिक कादंबरी समजून घरी नेली आणि आत भलतंच निघालं. त्या बाईंनी दोन्ही बाजूंना खूश ठेवायचं म्हणून मग एक मधला मार्ग काढला, पुस्तक आपल्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि विचारेल त्याला द्यायला लागल्या. माझ्या मते त्या काळात ते सर्वांत जास्त वाचलं गेलं.

त्याच वर्षी प्रकाशकांनी पुस्तक विज्ञानसाहित्याच्या एका स्पर्धेला पाठवलं. निवड झाली नाही. परीक्षकांपैकी एकांनी मात्र आवर्जून फोन केला. ते स्वतः अभियंते होते. म्हणाले, "तुम्ही चांगलं लिहिता, म्हणून सांगतो. यात विज्ञान कुठं आहे? आवाज तयार कसा झाला हे तुम्ही एका पानात उरकलंय. उरलेलं सगळं त्या बाईचं. ती बाई कमी करा, यंत्र वाढवा."

थोड्या महिन्यांनी शहरातल्या एका साहित्य मंडळानं पुस्तकावर चर्चा ठेवली. अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ समीक्षक होते. त्यांनी म्हातारीचं मनापासून कौतुक केलं. तिचं बोलणं, तिचं पाण्यापर्यंत चालत जाणं, यावर ते बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "लेखिकेला माझी एकच विनंती आहे. यातलं यंत्र काढून टाका. म्हातारीला नवऱ्याचा नुसता भास होतो, एवढं पुरे. ही उत्तम कादंबरी होईल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एकाला बाई नको होती, दुसऱ्याला यंत्र नको होतं. दोघांचं ऐकलं असतं तर नुसतं धरणाचं पाणी उरलं असतं. त्या दोघांवर मी चिडले नाही. आपण जे लिहिलं ते ठेवायला जागा नाही, एवढं कळलं. त्याचं दुःख म्हणावं तर तेवढं मोठं नव्हतं. वर्गात पुन्हा प्रकाशाचं वक्रीभवन शिकवायला लागले.

त्यानंतर होटगीचे काका आले.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी सकाळी घरात दुसरं काही होत नाही. मी पिंपं भरत होते तेव्हा फाटकाशी एक उंच, वाळकेसे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी थांबायला सांगितलं, ते पायरीवर बसून राहिले. पाणी बंद झाल्यावर मी बाहेर आले. त्यांनी कागद सोडवला. वाचनालयाची प्रत होती. माझा पत्ता त्यांना ग्रंथपाल बाईंनी दिला होता.

"बाई, ह्ये तुमीच लिवलंय व्हय?"

"हो. आत या ना काका."

"हितंच बरंय." त्यांनी सांगितलं की ते जवळच्या होटगीचे, रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, आता निवृत्त. मग पुस्तक मांडीवर ठेवून विचारलं, "ह्ये आवाज भरून देत्यात, ते कुटं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "कुठला आवाज?"

"ह्यातला. म्हातारीच्या पोरांनी बापाचा आवाज भरून आनला की. पुन्याला जाऊन. पुन्यात कुटं त्ये लिवलं न्हाय तुमी."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. होटगीहून सकाळची गाडी धरून आले होते.

"काका, ते मी कल्पनेनं लिहिलंय. अशी कंपनी नाही कुठं."

त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि मलपृष्ठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्ये विज्ञान लिवलंय की."

"विज्ञान कादंबरी."

"कादंबरी मला म्हाइत हाय. आमची मालकीन वाचायची. कादंबरीत खोटं असतंय, त्ये ठीक हाय. पन विज्ञान म्हटल्यावर खरं असनार की. साळंत विज्ञान खोटं शिकवत्यात व्हय?"

मी आयुष्यभर विज्ञानच शिकवलं होतं. मी म्हणाले, विज्ञान कादंबरी म्हणजे आज नाही पण पुढं कधीतरी होऊ शकेल असं.

"पुढं मंजे कधी?"

"ते सांगता येत नाही."

"माझ्या हयातीत?"

"बहुतेक नाही," मी म्हणाले. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी मान हलवली. मग शर्टाच्या खिशातून बटणांचा फोन काढला, बराच वेळ काहीतरी दाबलं आणि तो माझ्यापुढं धरला. खरखर झाली, मागे कुठंतरी भांडं पडलं, आणि एक बाई घाईघाईनं बोलली, "येताना शेपू आना. जुडी बघून घ्या, पिवळी नको. ऊटा आतेन?" शेवटचे दोन शब्द कानडी, जेवण झालं का. त्यावर काकांचाच आवाज, "व्हय." संपलं.

"चुकून भरलं गेलंय ह्ये," ते म्हणाले. "म्हातारीकडं क्यासेटी हुत्या. माझ्याकडं इतकंच हाय. एवढ्यावरनं व्हईल का, त्येच विचारायचं हुतं."

त्यांनी पुस्तक नीट वाचलं होतं. अभियंत्यांना जे पान अपुरं वाटलं, त्याच पानासाठी काकांनी ते वाचलं होतं. मी चहा केला. ते पायरीवरच प्याले. मालकीण जाऊन सहा महिने झाले होते, मुलगा पुण्यात, घरात एकटेच. हे सगळं त्यांनी सांगितलं पण तक्रार म्हणून नाही. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, मग त्यावर तसं लिवायचं की. खोटं हाय म्हनून."

"कादंबरी लिहिलंय ना," मी म्हणाले.

"त्ये मागनं लिवलंय. पयलं विज्ञान हाय."

मग सणावाराला त्यांचा फोन यायला लागला. संक्रांतीला, दसऱ्याला. पुस्तकाचा विषय कधी निघाला नाही. गाड्या किती उशिरा चालल्या आहेत आणि होटगीला ऊन किती आहे, एवढंच.

मधल्या वर्षांत काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. माझी भाची एकदा सुट्टीत आली आणि तिनं तिच्या फोनवर माझाच आवाज मला ऐकवला. मी कधी न म्हटलेली वाक्यं मी म्हणत होते. तिनं ते गंमत म्हणून दहा मिनिटांत केलं होतं. मी पुस्तकात त्याला एक कंपनी, दोन मुलगे आणि पुण्याच्या तीन खेपा लावल्या होत्या.

साधारण त्याच सुमारास प्रकाशकांच्या मुलीचा फोन आला. आता कारभार ती बघते. पहिली आवृत्ती संपली होती, दुसरी काढायची होती. ती म्हणाली, "मॅडम, मलपृष्ठावरचं विज्ञान काढूया का? आता यात विज्ञान असं काही राहिलं नाही. वाचक म्हणतील, हे तर आमच्या फोनमध्ये आहे."

"मग काय लिहिणार?"

"कौटुंबिक कादंबरी. मुखपृष्ठही बदलू. पाण्याकाठची बाई वगैरे."

मजकुरात काही बदल करायचा आहे का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. एक अनुस्वारही बदलला नाही. पुस्तक होतं तिथंच होतं, त्याच्या भोवतीच्या फळ्या हलल्या होत्या. मी तिला विचार करून सांगते म्हणाले. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण लगेच हो म्हणवेना.

त्या आठवड्यात होटगीच्या काकांचा फोन आला. सण नव्हता. म्हणाले, "बाई, झालं त्ये."

"काय झालं काका?"

"पोरानं केलं. येऊन बगा एकदा."

रविवारी मी स्कूटर काढली आणि होटगीला गेले. रुळांपासून जवळच त्यांचं घर, दोन खोल्या, पुढं कडुलिंबाचं झाड. आत स्टुलावर नवा, मोठा फोन भिंतीला टेकवून उभा केला होता. मुलानं शेपूचं ते जुनं बोलणं आणि कुणाच्या तरी लग्नाची चित्रफीत, ज्यात त्यांची मालकीण पाहुण्यांशी बोलत होती, एवढ्यावरून आवाज तयार करून घेतला होता.

काकांनी बटण दाबलं आणि ताठ बसले. "नमस्कार," फोन म्हणाला. "तुम्ही कसे आहात?"

आवाज तिचाच होता. इतक्या वर्षांपूर्वी एकदा ऐकलेला, पण मला ओळखता आला. शब्द मात्र बातम्या देणाऱ्या बाईचे होते.

"कसे आहात न्हाय," काका फोनला म्हणाले. "ऊटा आतेन म्हन."

"ऊटा आतेन," फोन म्हणाला. ट इतका जड की शब्द फुटल्यासारखा वाटला.

"ऊटा. हलकं म्हन."

फोननं पुन्हा म्हटलं. काकांनी पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शिकती. कालच्यापेक्षा बरं म्हनाली."

बाहेरून एक मालगाडी गेली. मग मी विचारलं, "काका, बरं वाटतं का हे?"

"बरं मंजे..." ते शब्द शोधत होते. "घरात कोन तरी बोलतंय. आमची हाय असं न्हाय. पावनी आल्यागत वाटतंय. पावनीला हाकलता येतंय व्हय?"

त्यांनी मला कडक भाकरी आणि दही दिलं, शेंगांची चटणी दिली. जेवताना फोन बंद ठेवला होता. मधेच त्यांना आठवलं, "बाई, तुमचं पुस्तक खरं झालं की आता. आता त्याच्यावर काय लिवनार?"

मी प्रकाशकांच्या मुलीचं म्हणणं सांगितलं. विज्ञान काढणार आहेत, कौटुंबिक कादंबरी लिहिणार आहेत.

त्यांनी घास थांबवला. "मंजे नुसती कादंबरी?"

"तसंच काहीसं."

"खोटं हुतं तवा विज्ञान लिवलं. आता खरं झालं तर नुसती कादंबरी लिवायची." ते हसले, मला आठवतं त्याप्रमाणे पहिल्यांदाच. "लोकं खोटंच समजनार की मग."

मी सांगायचा प्रयत्न केला की कौटुंबिक कादंबरीत असलेलं लोक खरं धरतात, घराघरांत घडतं ते त्यात असतं, म्हणूनच तिची फळी मोठी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. "असंल," म्हणाले. पटलं नव्हतं. मलाही सांगताना ते फार भक्कम वाटत नव्हतं. कुठल्या गोष्टीला शक्य म्हणायचं, कुठल्या गोष्टीला घरातलं म्हणायचं, आणि हे ठरवताना पुस्तकाकडं बघायचं की बाहेर, हे मी चाळीस वर्षं वाचूनही ठामपणे सांगू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन करून हो म्हणाले. नवी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर पाण्याकडं बघणारी पाठमोरी बाई आहे, लुगडं तिकडच्या बायका नेसतात तसं नाही, पण बाई आहे. साहित्य मंडळातल्या एका तरुण समीक्षिकेनं नव्या आवृत्तीवर लेख लिहिला आणि त्यात वैधव्य, शेती आणि स्त्रीचा आवाज यांवर बरंच लिहिलं. यंत्राचा उल्लेख तिनं एका वाक्यात केला, जसा घरातल्या मिक्सरचा करावा. वाचनालयात नवी प्रत कादंबऱ्यांच्या कपाटात गेली. जुनी प्रत फाटायला आली होती, ती बांधून घेतली तेव्हा निळा चेहरा आणि ते दोन शब्द पुठ्ठ्याखाली गेले. ग्रंथपाल बाई आता निवृत्त झाल्या आहेत. या एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत हे नव्या मुलीच्या पहिल्यांदा लक्षात आलं नाही, कारण ती दोन वेगळ्या विषयांची पुस्तकं म्हणून नोंदली गेली होती.

त्या उन्हाळ्यात काकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, शिकवणं कुठवर आलं?

"बंद केलं बाई."

"का? जमेना का तिला?"

"जमलं की. ऊटा आतेन एकदम बराबर म्हनायला लागली. माझ्याच अंगावर काटा आला. पन ती सगळ्याला व्हय म्हनती. मी म्हटलं, आज भाजी नको, नुसती आमटी करतो. व्हय म्हनाली. मी म्हटलं, पोराकडं जात न्हाय मी, हितंच मरनार. त्यालाबी व्हय, तुमचं बराबर हाय, म्हनाली. आमची पस्तीस वर्सांत पयल्या झटक्यात कशाला व्हय म्हनाली न्हाय. एकदाबी न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"मी तिला म्हटलं, नको म्हन की एकदा. तर म्हनाली, नको. मी सांगितल्यावर नको म्हननं, ह्यात काय हाय? तवा बंद केलं. पोराला सांगितलं, काढ."

मुलाला वाईट वाटलं. त्यानं बापासाठी बरीच खटपट केली होती. काकांनी त्याला समजावलं की आवाज चांगला झाला होता, तुझी चूक नाही. मोठा फोन त्यांनी ठेवून घेतला. त्यावर आता गाड्यांच्या वेळा बघतात. शेपूचं बोलणं जुन्या बटणांच्या फोनमध्ये होतं तसं आहे. ते ऐकता का, असं मी विचारलं नाही.

त्यांच्या शेजारी रेल्वेतूनच निवृत्त झालेले दुसरे एक गृहस्थ राहायला आले आहेत. त्यांचीही पत्नी नाही. दुपारी दोघं लिंबाच्या झाडाखाली पत्ते खेळतात. परवा फोन केला तर काका म्हणाले की सध्या दोघांचं बोलणं बंद आहे, त्या माणसानं पान लपवलं होतं आणि वर नाही म्हणत होता. बराच वेळ ते त्याच्याबद्दल रागानं बोलत राहिले. मग फोन ठेवतो म्हणाले. तो माणूस फाटक उघडून आत येत होता आणि त्याच्याशी आधी काय बोलायचं, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.